पहाटे पाचला खर्ज लावायचाय, पण कुठे?

उदगीरी (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी भाची, वय २०, गेल्या जूनपासून पुण्यात आहे. ख्याल शिकते. बी.ए. बाहेरून चालू आहे, पण ते आमच्या समाधानासाठी. आठवड्यातून चार दिवस गुरुजींकडे तालीम, बाकी स्वतःचा रियाज. राहायला सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर. खोलीत आणखी तिघी, तिघीही एमपीएससीवाल्या. त्या रात्री दोन-अडीचला दिवा मालवतात आणि हिला पाचला उठून खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, लावायचा असतो. आता ह्यात चूक कुणाची म्हणायची?

पहिला महिना गोडीगुलाबीत गेला. मग हिने बाथरूममध्ये, बादली पालथी घालून त्यावर बसून गायला सुरुवात केली. आठ दिवसांत खालच्या मजल्यावरून घरमालकीणबाई वर आल्या. "अगं, गाण्याला माझी ना नाही, पण हे तू एकच सूर अर्धा तास धरून बसतेस, त्याचं काय करू?" हे त्यांचं वाक्य. भाचीने फोनवर त्यांच्याच आवाजात ऐकवलं. ती हसत होती, पण मला काही ते हसणं बरं वाटलं नाही.

गच्चीला कुलूप असतं. गुरुजींचं घर दोन खोल्यांचं, सकाळी सहापासून त्यांच्या शिकवण्या. तंबोरा ठेवायलाही जागा नाही. तो कॉटवर झोपतो आणि ही कडेला.

तर साधा प्रश्न: पेठांच्या आसपास पहाटे दोन तास, एकट्या मुलीला सुरक्षित अशी गायला जागा कुठे मिळेल? थोडं भाडं देऊ. थोडं म्हणजे थोडंच. कॉटचे ३५००, डब्याचे ३०००, वर गुरुजींची फी. दोन लहान मुलांना पेटी शिकवून ती काही काढते, बाकी आम्ही.

खर्जातला बेडूक

तळजाईवर पाठवा. तिथे पहाटे हास्यक्लब असतो. ते हिच्या आधीपासून हसतायत, एवढं फक्त सांगून ठेवा.

जुना कानसेन

उदगीरी, रागावू नका, पण ह्याला अडचण म्हणायची?

भीमसेन जोशींनी १९३३ साली घर सोडलं तेव्हा वय होतं ११. कारण काय, तर अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि असं गायला शिकायचं हे डोक्यात बसलं. खिशात पैसे नाहीत. गाडीत बिनतिकीट बसायचं, गाऊन दाखवायचं, उतरवलं तर उतरायचं. असं करत ग्वाल्हेर, मग कुठे कुठे हिंडत थेट जालंधर. तिथे विनायकबुवा पटवर्धनांनी सांगितलं की तुझ्या घराजवळ कुंदगोळला सवाई गंधर्व असताना तू इथे काय करतोस. मग वडील येऊन घेऊन गेले आणि १९३६ पासून कुंदगोळला खरी तालीम. गुरूच्या घरी घागरीने पाणी भरलं. पहाटे उठायला गजर नव्हता आणि तक्रार करायला धागाही नव्हता.

गाणं सोसल्याशिवाय येत नाही. ज्याला जागा शोधावी लागते त्याने आधी भूक शोधावी, असं आमच्या वेळी म्हणत.

खर्जातला बेडूक

कानसेन, तुमच्या वेळी हे कोण म्हणत असे? तुम्हीच ना?

प्रीलिम_तिसऱ्यांदा

आधीच सांगते, मी त्या तिघींपैकी नाही. पण असू शकले असते, म्हणून लिहिते.

दोनला झोपलेल्या माणसाच्या उशाशी पाचला "सा" लागला की काय होतं हे गाणाऱ्यांना कळणार नाही. आमच्या खोलीत एक मुलगी मोठ्याने पाठ करायची, कलम अमुक, कलम तमुक. तिला आम्ही जिन्यात बसवलं होतं. भाचीला निदान बाथरूम मिळालं.

दुसरं म्हणजे तुमच्या भाचीत आणि आमच्यात एक फरक आहे. त्याच खोल्या, तोच डबा, तोच घरून येणारा "कसं चाललंय?" हा फोन. पण आमचा निकाल लागतो. यादीत नाव नाही म्हणजे नाही. आणि खुल्या गटाला ३८ पूर्ण झाली की सरकारच सांगतं, बस झालं बाई आता. तिला कोण सांगणार? ती ४५ व्या वर्षीही "अजून सूर लागायचाय" म्हणत बसू शकते. मला तिचं ते जास्त कठीण वाटतं.

धा_तिरकिट

प्रीलिम, निकाल आमच्याकडेही लागतो हो. आकाशवाणीची ऑडिशन द्या. बी, बी हाय, ए, टॉप. मी तबल्यावर दोनदा पडलो, तिसऱ्यांदा बी मिळाला. घरी पेढे वाटले तर शेजारचे म्हणाले, बी म्हणजे दुसरा वर्ग का?

मंद्रसप्तक

कानसेन, तुमची भीमसेनजींची गोष्ट खरी आहे आणि मला तोंडपाठ आहे. माझ्या वडिलांनी मला ती दर वाढदिवसाला ऐकवली. पण त्या गाड्यांतून बिनतिकीट गेलेली बाकीची पोरं कुठे आहेत? दरवर्षी कोणीतरी गाण्यापायी घर सोडत असणारच. त्यातला एक भीमसेन झाला, म्हणून ते घर सोडणं पवित्र ठरलं. बाकीच्यांचं फक्त घर सुटलं.

मी गुरुगृही चार वर्षं काढली. नाव घेणार नाही, ते आता हयात नाहीत. सकाळी भाजी निवडायची, त्यांच्या नातवाला शाळेत सोडायचं, दुपारी पाय चेपायचे. चार वर्षांत मला समोर बसवून शिकवलेल्या बंदिशी पाच. हो, पाच. मोजल्यात मी. घरी वाटायचं मुलगी साधना करतेय. मी मेथी निवडत होते.

आता एक कबुली, नाहीतर खोटं होईल. त्याच स्वयंपाकघरात मेथी निवडताना बाहेरून त्यांचा बागेश्री राग ऐकू यायचा. एकदा ते मध्यम सुरावर आले आणि तिथेच घोटाळत राहिले, धैवत दाखवायचा पण द्यायचा नाही, असं किती वेळ. माझे हात थांबले होते. तो मध्यम मी आज माझ्या मुलींना शिकवते. वर्गात फी भरून तो मिळाला असता का, मला खरंच सांगता येत नाही. पण तो ऐकायला मेथीची गरज नव्हती. मला नुसतं बसू दिलं असतं तरी तो तेवढाच ऐकू आला असता.

विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते ह्याच कारणासाठी ना? कुरुंदवाडचा मुलगा, लहानपणी फटाक्याने डोळे अधू झालेले, मिरजेला बाळकृष्णबुवांकडे शिकलेला. त्या माणसाने वेळापत्रक, इयत्ता, फळा, परीक्षा आणल्या. गाणं शिकायला कुणाच्या घरचं पाणी भरायला लागू नये म्हणून. पुढे मुंबईची इमारत कर्जापायी लिलावात गेली, हा भाग मात्र आपण कुणी सांगत नाही.

जुना कानसेन

मंद्रसप्तकताई, त्या परीक्षांतून विशारद किती झाले आणि गवई किती? प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा करत करत मुलं दहावीच्या वाढीव गुणांपर्यंत येतात आणि गुण मिळाले की पेटी माळ्यावर. मध्यमाचा मध्यम आणि तुमच्या बागेश्रीतला मध्यम ह्यांत फरक आहे, हे तुम्हीच आत्ता लिहिलंत.

मंद्रसप्तक

पेटी माळ्यावर गेली तरी कान खाली राहतात, कानसेन. तिकीट काढून मैफिलीला येणारी माणसं कुठून येतात असं तुम्हाला वाटतं?

खर्जातला बेडूक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मूळ प्रश्न जागेचा होता, एवढी नोंद असावी.

घुंगरू_१५०

सोसण्याबद्दल नाचणाऱ्यांना विचारा. एका पायात दीडशे घुंगरं, फरशीखाली सरळ काँक्रीट, आणि "तत्कार अजून स्वच्छ नाही." मी १७ व्या वर्षी नडगीच्या हाडाला बारीक चीर घेऊन सहा आठवडे नाचले, कारण ताईंना सांगायची भीती वाटत होती. ताई काही मारणाऱ्या नव्हत्या. वाईट एवढंच वाटतं की भीती माझीच होती, कुणी घातलीही नव्हती. आजूबाजूच्या सगळ्या गोष्टींमधून ती आपोआप आत आली. दुखतंय म्हणजे काहीतरी चांगलं चाललंय, असा समज.

लाकडी तळाच्या हॉलमध्ये पहिल्यांदा नाचले तेव्हा रडायला आलं. इतकं सोपं असू शकतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

घसादुखी

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. गाता येत नाही, गाणाऱ्यांचे घसे बघतो.

पहाटे खर्ज का, ह्याचं कारण शरीरात आहे. रात्रभर आडवं पडल्याने स्वररज्जूंना किंचित सूज असते, ते जड होतात, म्हणून उठल्या उठल्या सगळ्यांचाच आवाज खाली असतो. मंद्रातले सूर तेव्हा सहज लागतात. तास-दोन तासांत ही सूज ओसरते. म्हणजे पूर्वजांचं निरीक्षण चोख होतं. पण ते "उठल्यावर" आहे, "पाच वाजता" नाही. आठला उठलेल्या गळ्याची पहाट आठलाच होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नुसतं बोलतानाही बायकांच्या स्वररज्जू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकींवर येतात. झोप कमी, पाणी कमी, त्यात शेजाऱ्यांच्या धाकाने आवाज दाबून गाणं. दाबलेल्या गळ्याने केलेला रियाज हा सर्वांत महाग रियाज. स्वररज्जूंचा पुढचा एक तृतीयांश भाग संपतो त्या जागी गाठी येतात, दोन्ही बाजूंना, समोरासमोर. बहुतेकदा शस्त्रक्रियेविना, आवाजाच्या व्यायामाने आणि विश्रांतीने बऱ्या होतात, पण महिने जातात. आणि विश्रांती म्हणजे गप्प बसणं. कुजबुजणं नव्हे. मिठाच्या गुळण्याही नव्हेत, गुळणीचं पाणी स्वररज्जूंपर्यंत पोचतच नाही. पोचलं तर ठसका लागेल.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर दुर्बिणीने तपासून घ्या. भाचीला एवढं नक्की सांगा.

उदगीरी

डॉक्टर, धन्यवाद. दाबून गाण्याचं मी तिला विचारलं. म्हणाली, "मामा, दाबूनच गाते, दुसरं काय करणार?" आता मला जागेची जास्तच घाई झाली आहे.

सदाशिवबाहेरचा

भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा. माझ्या मित्राने केलंय. खर्च जवळजवळ शून्य.

डेसिबल

अंड्यांचे ट्रे! आलेच शेवटी. ह्या विषयावरचा एकही धागा त्यांच्याविना पुरा होत नाही.

आवाज अडवायला वजन लागतं. भिंत दुप्पट जड केली तर पलीकडे जाणारा आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो. ट्रेला वजन किती? ट्रे खोलीतला वरच्या पट्टीतला घुमारा थोडा खातो, बस. खर्ज त्यातून सरळ पलीकडे जातो. खालचे सूर अडवणं सर्वांत अवघड. आणि दाराखाली बोटभर फट असेल तर वरचं सगळं व्यर्थ.

बाथरूमबद्दल: फरशा आवाज परतवतात म्हणून गाणाऱ्याला छान वाटतं. पण जुन्या इमारतीत बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते. म्हणजे भाची एका बाथरूममध्ये नाही, वरखाली सगळ्याच बाथरूममध्ये गात होती. मालकीणबाईंनी तसा बराच धीर धरला म्हणायचा.

जागा बघायची तर कापडाची, गाद्यांची, कागदाची बघा. जिथे टाळी वाजवली तर नुसती "टप्" येते, मागे काही शिल्लक राहत नाही.

सदाशिवबाहेरचा

पण मित्र म्हणतो फरक पडतो.

डेसिबल

मित्राच्या शेजाऱ्यांना विचारा.

वगनाट्य

सोसण्याचा विषय निघालाच आहे तर गाण्याच्या खोलीबाहेर या जरा. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर. वग चालू असताना पोटात कळा सुरू झाल्या, आत गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ही गोष्ट महाराष्ट्रात अशी सांगतात जशी काही ती कलेवरच्या निष्ठेची गोष्ट आहे.

मी नारायणगावच्या राहुट्यांमध्ये बराच वेळ काढला आहे. पाडव्याच्या सुमारास गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात तेव्हा. तिथल्या एका वयस्क बाईंनी मला विचारलं होतं, "बाळंतिणीला खेळ बंद ठेवू म्हणणारं कोणीच नव्हतं का हो तिथं?" ह्या बाजूने मी कधी विचारच केला नव्हता. तिकीट काढून आलेली माणसं, फडमालकाचा हिशोब, कलाकारांनी हंगामाआधी घेतलेली उचल. खेळ थांबणं कुणाला परवडणार होतं? आज त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं, आणि त्यांचे स्वतःचे शेवटचे दिवस हलाखीत गेले.

आणि तिथल्या पोरींना "शिकतेस का?" असं कुणी विचारत नाही. कनातीमागे झोळीत झोपलेलं पोर ढोलकीवरच मोठं होतं. त्याला तालीम म्हणायचं हेही त्यांना ठाऊक नसतं. त्यांना शिष्यवृत्तीचा अर्ज कोण भरून देणार?

जुना कानसेन

वगनाट्य, ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

खर्जातला बेडूक

कानसेनांकडे उत्तर नाही. वाचनखूण साठवली.

धा_तिरकिट

शिष्यवृत्तीवरून आठवलं, उदगीरी, हे नोंदवून घ्या. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. वय १८ ते २५, महिना ५०००, दोन वर्षं, देशभरातून ४००. पैसे दरमहा येत नाहीत, सहा-सहा महिन्यांचे चार हप्ते असतात, त्यामुळे सुरुवातीचा खर्च आपल्या खिशातून धरून चाला. मला २१ व्या वर्षी मिळाली होती. पहिल्या हप्त्यातून मी डग्गा मढवून घेतला आणि एक महिना दोन्ही वेळ जेवलो.

पैशाचं निघालं म्हणून सांगतो. माझ्या घरात सतरा शाली आहेत. कार्यक्रमाला बोलावतात, येण्याजाण्याचा खर्च आपला, शेवटी शाल, नारळ आणि "तरुणांना व्यासपीठ मिळालं पाहिजे" असं भाषण. भाषण करणाऱ्याला मानधन असतं. मागे एका संस्थेच्या सचिवांना विचारलं, पाकीट? ते म्हणाले, अहो, कलेची सेवा. मंडपवाल्यानेही सेवाच केली का, हे विचारायचं राहून गेलं. पुण्यात सतरा शालींची थंडी पडत नाही हो.

घुंगरू_१५०

+१. आमच्याकडे स्मृतिचिन्हं. काचेची. धूळ पुसायलाही मानधन मिळत नाही.

प्रीलिम_तिसऱ्यांदा

सतरा शालींपैकी दोन-तीन आमच्या अभ्यासिकेत द्या. तिथला एसी कुणालाच बंद करता येत नाही.

रामपूर_मैहर

मारावर अजून कुणी बोललं नाही. मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांचा हात प्रसिद्ध होता, स्वतःच्या मुलाला, अली अकबरला, झाडाला बांधून ठेवल्याची गोष्ट सगळे सांगतात. पण त्याच घरातून अली अकबर, अन्नपूर्णादेवी, रविशंकर, निखिल बॅनर्जी निघाले हेही खरं. मी मार योग्य म्हणत नाही. पण निकाल बघा.

मंद्रसप्तक

निकाल मारामुळे की रोजच्या रोज समोर बसवून शिकवल्यामुळे? ते दोन्ही एकाच घरात होतं म्हणून आपण गल्लत करतो. मारणारे आणि न शिकवणारेही पुष्कळ होऊन गेले, त्यांची घराणी झाली नाहीत एवढंच.

आणि कष्ट म्हणायचेच तर मोगूबाई कुर्डीकरांचे बघा. अल्लादिया खाँसाहेबांनी सांगलीत त्यांचा आवाज ऐकला आणि आपणहून शिकवायला लागले. मग खाँसाहेब मुंबईला गेले, तर ह्या मागोमाग मुंबईला. मधे तालीम तुटली. काही काळ खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ ह्यांच्याकडे शिकल्या, आणि पुढे पुन्हा खाँसाहेबांकडे. त्या गोष्टीत एकही थप्पड नाही. नुसतं "आज शिकवणार का?" ह्याची वाट बघणं आहे, वर्षानुवर्षं. माझ्या मते तेच जास्त कठीण.

खिडकी_उघडी

एकच गोष्ट लिहिते, आणि ती विनोदात जाऊ नये.

उदगीरी, जागा कुठलीही मिळो, आधी स्वतः जाऊन बघा. आणि तालमीबद्दलही भाचीशी एकदा मोकळं बोला. रात्री एकटीला बोलावणं, दार लावून घेणं, "गुरूला नाही म्हणायचं नसतं" हे वाक्य. मी १९ व्या वर्षी गाणं सोडलं ते ह्या वाक्यामुळे. घरी सगळ्यांना वाटलं पोरीला कष्ट झेपले नाहीत. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

तिला फक्त एवढं सांगून ठेवा की मधेच उठून यावंसं वाटलं तर कारण न देता ये, मामा विचारणार नाही.

उदगीरी

सांगितलं. काल रात्रीच फोन केला. तिचे गुरुजी आणि वहिनी दोघंही चांगली आहेत, तालीम बाहेरच्या खोलीत चारचौघांत असते. पण हे बोलणं आधीच व्हायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं होतं. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

जुना कानसेन

खिडकीताई, वाचलं. मी वर भूक शोधण्याबद्दल लिहिलं ते आता मलाच वाचवत नाही.

एक गोष्ट मात्र भाचीसाठी सांगतो, उपदेश म्हणून नव्हे. कुमार गंधर्वांना क्षयाने गाठलं, १९४८ च्या सुमारास ते देवासला गेले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. पाच-सहा वर्षं मोठ्याने सूर लावायचा नाही. त्या वर्षांत त्यांनी पडल्या पडल्या ऐकलं. माळव्यातल्या बायकांची गाणी, भिकाऱ्यांची, येणाऱ्याजाणाऱ्यांची. १९५३ ला पुन्हा गायला बसले तेव्हा वेगळेच होते. तेव्हा जागा मिळेपर्यंत भाचीने दाबून गाऊ नये. त्यापेक्षा तंबोरा कानाला लावून बसावं, तोंड मिटून. ते कुणालाही ऐकू जात नाही.

घसादुखी

कानसेन, हे मी चिठ्ठीवर लिहून देतो.

पुठ्ठा

सगळा धागा आज वाचला. इथे फारसं लिहीत नाही.

माझं अप्पा बळवंत चौकाजवळ बाइंडिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे आत लांबट खोली, तिन्ही भिंतींना छपाई होऊन आलेले फर्मे छताला टेकेपर्यंत रचलेले. आम्ही दहाला उघडतो. डेसिबल म्हणाले तशी टाळी वाजवून बघितली. "टप्" आली.

समोर डेअरी आहे, तिथे पावणेपाचला दुधाची गाडी येते आणि मालक-मालकीण दोघं असतात. त्या बाईंना मी सांगून ठेवेन. उदगीरींनी आधी येऊन बघावं, पटलं तरच. भाडं नको. कटिंग मशीनला हात लावायचा नाही, आणि जाताना माठ भरून ठेवायचा, एवढ्या दोन अटी. खळीचा वास येतो, तो सहन करावा लागेल.

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

खर्जातला बेडूक

म्हणजे शेवटी पाणी भरावं लागलंच. कानसेन, अभिनंदन.

जुना कानसेन

मी काही बोललो का?

डेसिबल

कागदाच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या तीन भिंती! पुठ्ठासाहेब, तुमच्याकडे काय आहे ह्याची तुम्हाला कल्पना नाही. लोक ह्याला लाखो रुपये मोजतात. सदाशिवबाहेरचे, हे वाचताय ना?

सदाशिवबाहेरचा

वाचतोय. मित्राला दाखवलं. तो म्हणतो त्यावरून अंड्याचे ट्रे लावले तर अजून फरक पडेल.

उदगीरी (तीन आठवड्यांनी)

मंडळी, उशिरा लिहितोय. रजा काढून पुण्याला जाऊन आलो. पुठ्ठासाहेबांना भेटलो, डेअरीच्या वहिनींना भेटलो. भाचीला गेले अठरा दिवस किल्ली मिळालेली आहे. पाचाचं साडेपाच केलं, डॉक्टरांच्या शब्दावर, आणि रात्रीची झोप अर्ध्या तासाने वाढवली.

पहिल्या दिवशी मी बाहेर पायरीवर बसलो होतो. दार लोटलेलं, तरी रस्त्यावर काही येत नव्हतं. डेअरीसमोर क्रेट आपटत होते. अर्ध्या तासाने ती बाहेर आली, चेहरा पडलेला. मी घाबरलो. म्हणाली, "मामा, आत काहीच परत येत नाही. सूर सोडला की संपला. मी किती खाली जाते ते आत्ता कळलं. बाथरूममध्ये मी फार चांगली गायिका होते." मग माठ भरायला पुन्हा आत गेली.

आता रोज गंधार धरून बसते म्हणे. गुरुजींनी विचारलं, घरी काय बदललंस? ही म्हणाली, पुस्तकांत बसते.

शिष्यवृत्तीची कागदपत्रं जमवतोय. धा_तिरकिट, तुम्हाला त्याबद्दल व्यनि करणार आहे.

मंद्रसप्तक

गंधारावर घाई करू देऊ नका. आणि तिला एखाद्या रविवारी माझ्याकडे पाठवा. बागेश्रीचा मध्यम देईन. मेथी मी आधीच निवडून ठेवेन.

प्रीलिम_तिसऱ्यांदा

आणि त्या तिघी? त्यांना आता सुखाची झोप मिळते ना?

उदगीरी

काल मालकीणबाईंचा फोन आला होता. गाण्याची तक्रार नाही. पण ही पाचचा गजर लावते, तो तिघींना जाग आणतो आणि हिलाच येत नाही.